वेळ कोणाचा, विषय कोणाचा? : ‘कोसला’, ‘झोंबी’ आणि ‘अंतःस्फोट’ यांतील विद्यार्थी व पुढील शिक्षणाची निवड

प्रस्तावना

शिक्षण हा आधुनिक मराठी साहित्यातील एक मध्यवर्ती अनुभव आहे. कादंबरी, आत्मचरित्र, ग्रामीण साहित्य, दलित आत्मकथन अशा सर्वच प्रवाहांत शाळा, वसतिगृह, परीक्षा, शुल्क, शिक्षक आणि निकाल यांचे तपशील विपुल प्रमाणात आलेले आहेत. मात्र या लेखनाची समीक्षा करताना शिक्षणाचा अनुभव बहुधा पार्श्वभूमी म्हणून गृहीत धरला जातो. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ (१९६३) या कादंबरीची चर्चा अस्तित्ववादी जाणिवेच्या आणि भाषिक बंडखोरीच्या अंगाने झाली. आनंद यादव यांचे ‘झोंबी’ (१९८७) ग्रामीण दारिद्र्याशी दिलेल्या झुंजीचे आत्मकथन म्हणून वाचले गेले. कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ (१९८१) दलित स्त्रीच्या आत्मभानाचा आविष्कार म्हणून गौरविले गेले. ही तिन्ही वाचने योग्यच आहेत. परंतु या तीन कृती एकत्र ठेवून पाहिल्या असता एक साधा प्रश्न समोर येतो आणि प्रचलित वर्गीकरणात तो हरवलेला दिसतो. विद्यार्थ्याच्या दिवसावर मालकी कोणाची असते, आणि त्याने पुढे काय शिकावे हे प्रत्यक्षात कोण ठरवते?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुषंगाने उपरोक्त तीन कृतींचा विचार केला आहे. पुढील शिक्षणाची निवड प्रवेश-अर्ज भरण्याच्या क्षणी होत नाही. विद्यार्थ्याला मिळणारे तास, त्याला मिळणारी परवानगी आणि समाजाने त्याच्या नावाला दिलेली किंमत या तीन गोष्टींनी ती आधीच बरीचशी ठरून गेलेली असते, असे या कृतींच्या वाचनातून दिसून येते. ‘झोंबी’तील शिक्षण प्रामुख्याने शालेय आहे, महाविद्यालयीन नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. तरीही महाविद्यालयाच्या दारापर्यंत पोहोचण्यासाठी विद्यार्थ्याला दिवसाची कशी वाटणी करावी लागते, याचे इतके नेमके चित्रण मराठीत क्वचितच आढळते. ‘नांगरणी’ (१९९०) हा त्याचा पुढील भाग याच वाटणीचा विस्तार आहे. म्हणून ‘झोंबी’चा समावेश येथे आवश्यक ठरतो.

वेळेच्या प्रश्नाची पूर्वपीठिका

शिक्षण आणि उपजीविका यांतील ओढाताण महाराष्ट्राला नवी नाही. जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये रात्रशाळा सुरू केली, तेव्हा दिवसभर राबणाऱ्या माणसाचा दिवस त्याच्या मालकीचा नसतो, हे वास्तव त्यांनी गृहीत धरले होते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. ‘कमवा आणि शिका’ या त्यांच्या सूत्रात श्रम आणि अध्ययन यांना एकाच दिवसात जागा देण्याचा प्रयत्न होता. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ‘आत्मवृत्त’ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात मुरूडहून परीक्षेसाठी साताऱ्यापर्यंत पायी गेलेल्या आणि वय लहान दिसते म्हणून परत पाठविल्या गेलेल्या मुलाची हकीकत येते. पुढे मुंबईत शिकवण्या करीत हाच मुलगा १८८४ मध्ये गणित विषय घेऊन पदवीधर झाला. या परंपरेत विद्यार्थ्याच्या वेळेचा प्रश्न उघडपणे मांडलेला आहे. पुढील काळात शिक्षणाचा प्रसार जसा वाढला, तसा हा प्रश्न सार्वजनिक चर्चेतून मागे सरला आणि व्यक्तीच्या जिद्दीची गोष्ट एवढेच त्याचे स्वरूप उरले. साहित्यकृती मात्र त्याची नोंद ठेवत राहिल्या.

मोकळा वेळ आणि न झालेली निवड : ‘कोसला’

पांडुरंग सांगवीकर हा खानदेशातील एका सधन शेतकऱ्याचा एकुलता मुलगा. तो पुण्यात शिकायला येतो, तेव्हा ‘झोंबी’तील मुलाला जे कधीच मिळाले नाही ते सर्व त्याच्याजवळ असते. घरचे पैसे येतात, वसतिगृहात खोली असते आणि दिवस संपूर्णपणे त्याच्या स्वाधीन असतो. आरंभी तो या संधीचा उपयोगही करू पाहतो. वादविवाद मंडळाचे काम, वसतिगृहातील जबाबदारी, स्नेहसंमेलनातील नाटक अशा अनेक उद्योगांत तो स्वतःला गुंतवून घेतो. महाविद्यालयीन जीवन समृद्ध करणारे म्हणून आपण ज्या उपक्रमांची शिफारस करतो, त्यांतील बहुतेक पांडुरंग करून पाहतो. परिणामी त्याचा अभ्यास मागे पडतो, कर्ज वाढते, नावलौकिक मिळण्याऐवजी बदनामी पदरी येते आणि परीक्षेत अपयश येते.

पांडुरंगाच्या अपयशाचे स्पष्टीकरण आळस किंवा व्यसन या सोप्या कारणांनी देता येत नाही, हे येथे लक्षात घ्यावे लागते. त्याचा वेळ भरलेला आहे. परंतु तो वेळ एखाद्या दिशेने वाहत नाही. आपण महाविद्यालयात नेमके कशासाठी आलो आणि यानंतर काय शिकणार, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारावा अशी परिस्थितीच त्याच्याभोवती निर्माण होत नाही. त्याला पुण्याला पाठविणे हा प्रतिष्ठित घराचा रिवाज आहे, आणि पदवी हे त्या रिवाजाचे अपेक्षित फलित आहे. वडिलांशी असलेला त्याचा संबंध हिशेब, धाक आणि संताप यांपुरता उरतो. मुलाने काय शिकावे, याविषयीचा संवाद त्यात होत नाही.

कादंबरीच्या भाषेत ही अवस्था फार सूक्ष्मपणे मुरलेली आहे. ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ या शब्दांच्या वापराकडे समीक्षकांनी शैलीचे वैशिष्ट्य म्हणून वेळोवेळी लक्ष वेधले आहे. प्रस्तुत विषयाच्या संदर्भात त्यांचा वेगळा अर्थ लावता येतो. ‘उदाहरणार्थ’ म्हणणारा निवेदक स्वतःचे आयुष्य हे अनेक शक्यतांपैकी सहज उचललेला एक नमुना असल्यासारखे सांगतो. या जागी दुसरे कोणतेही उदाहरण चालले असते. ‘वगैरे’ हा शब्द परीक्षा, मित्र, खाणावळ, पुस्तके, शुल्क या सर्वांना एकाच ढिगात टाकतो. निवड करायची तर गोष्टींना क्रम लावावा लागतो, अमुक आधी आणि तमुक नंतर असे म्हणावे लागते. ‘वगैरे’च्या व्याकरणात क्रम संभवत नाही. म्हणजे पांडुरंगाची भाषाच त्याला निवड करू देत नाही, असे म्हणता येईल. कादंबरीतील रोजनिशीचा भागही या दृष्टीने बोलका आहे. रोजनिशी लिहिणे म्हणजे दिवसाचा हिशेब ठेवणे, परंतु येथे हिशेब ठेवूनही दिवस हाती लागत नाहीत.

धाकटी बहीण मनी हिच्या मृत्यूनंतर या रिकाम्या वेळेला एक भयाण अर्थ प्राप्त होतो. ज्या घरातून पांडुरंगाच्या शिक्षणासाठी पैसा येत राहतो, त्याच घरात एक लहान मुलगी देवीच्या साथीत मरण पावते. त्या घरातील मुलींच्या वेळेचा आणि शिक्षणाचा प्रश्न कोणी विचारलेला नसतो. अखेर पांडुरंग पदवीविना गावी परततो आणि गावातील बेकार तरुणांच्या घोळक्यात सामील होतो. मोकळा वेळ पुन्हा त्याच्या वाट्याला येतो, परंतु आता त्याला विद्यार्थ्याचा वेळ म्हणता येत नाही.

वाटून घेतलेला दिवस : ‘झोंबी’

‘कोसला’च्या अगदी विरुद्ध टोकाला ‘झोंबी’तील आनंदा उभा आहे. कागलच्या परिसरातील या मुलाची शाळा वडिलांनी बंद केलेली आहे, कारण शेताला त्याचे हात हवे आहेत. गुऱ्हाळाचा हंगाम उरकल्यानंतरच शाळेचा विषय काढता येतो. म्हणजे त्याचे शैक्षणिक वर्ष उसावर अवलंबून आहे. आई आणि मुलगा रात्री गावातील वजनदार गृहस्थ दत्ताजीराव देसाई यांच्याकडे जातात आणि वडिलांना समजावून सांगण्याची विनंती करतात. दत्ताजीरावांच्या शब्दाला मान देऊन वडील तयार होतात, परंतु अटी घालूनच. दिवस उगवल्यापासून अकरा वाजेपर्यंत शेतात काम, तेथून शाळा, शाळा सुटताच पुन्हा शेतात येऊन जनावरे चारणे, आणि कामाची गर्दी असेल त्या दिवशी शाळेला रजा, असा हा करार आहे.

हा प्रसंग शैक्षणिक समाजशास्त्राच्या दृष्टीने एखाद्या दस्तऐवजाइतका मोलाचा आहे. शिक्षणाचा हक्क येथे तासांच्या भाषेत मांडला गेला आहे. आनंदाला शिक्षण मिळते ते दिवसाच्या मधल्या काही तासांपुरते, आणि तेही मागे घेता येण्याजोगे. या करारात मुलाची इच्छा हा एक पक्ष म्हणून मान्यच केलेला नाही. करार वडील आणि दत्ताजीराव यांच्यात होतो, मुलगा त्याचा विषय आहे. आईची भूमिकाही लक्षणीय आहे. तिला स्वतःला कोणताही निर्णय घेण्याचा अधिकार नाही. पतीला न कळता दत्ताजीरावांकडे जाणे आणि ही भेट गुप्त ठेवण्याची गळ घालणे, एवढाच मार्ग तिच्याजवळ आहे. पुढील शिक्षणाची निवड ही येथे एका स्त्रीच्या चातुर्याने घडवून आणलेली गोष्ट आहे.

या अपुऱ्या वेळेत मुलगा काय करतो, हे ‘झोंबी’चे खरे सौंदर्यस्थान आहे. मराठी शिकविणारे सौंदलगेकर मास्तर कविता गाऊन, अभिनय करून शिकवितात. आनंदा शेतात पिकाला पाणी पाजताना, म्हशी चारताना त्या कविता मोठ्याने म्हणू लागतो. पूर्वी शेतातील एकटेपणा त्याला नकोसा वाटत असे. आता तो हवासा वाटू लागतो, कारण एकटे असताना मोकळेपणाने गाता येते. कागद हाताशी नसताना म्हशीच्या पाठीवर काठीने किंवा दगडाच्या सपाट पृष्ठभागावर खड्याने तो ओळी लिहितो. श्रमाचे तास त्याने चोरलेले नाहीत. त्याच तासांत त्याने अध्ययनाला जागा करून दिली आहे. वडिलांच्या करारात ज्या वेळेवर शेताचा हक्क होता, त्या वेळेचा दुसरा उपयोग त्याने शोधला. येथेच त्याची पुढील शिक्षणाची दिशाही ठरते. साहित्य हा विषय त्याने अभ्यासक्रमांच्या यादीतून निवडलेला नाही. पाणी पाजताना करता येईल असा जो अभ्यास होता, तो हा होता.

निवेदनाची शैली याच जाणिवेशी सुसंगत आहे. ‘कोसला’तील ‘वगैरे’च्या उलट ‘झोंबी’त कामे, वेळा, हंगाम आणि वस्तू यांची काटेकोर नोंद आहे. ज्याच्याजवळ वेळ थोडा असतो, त्याला तो मोजावाच लागतो. संवादांतील कोल्हापुरी बोली ही केवळ प्रादेशिक रंगासाठी आलेली नाही. शाळेची प्रमाण भाषा आणि घरातील बोली यांतील अंतर हेही या मुलाला दररोज पार करावे लागणारे अंतर आहे.

तथापि ‘झोंबी’ची एक मर्यादाही नोंदविणे आवश्यक आहे. हे लेखन पुढे विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक झालेल्या व्यक्तीने मागे वळून केलेले आहे. वाचकाला शेवट आधीच ठाऊक असतो. त्यामुळे अनेक हलाखीच्या प्रसंगांना नकळत यशाच्या पूर्वतयारीचा अर्थ प्राप्त होतो. एका मुलाला शाळेसाठी मोकळे केल्यावर शेतातील आणि घरातील काम कोणाच्या अंगावर पडते, हा प्रश्न वाचकाने जाणीवपूर्वक उपस्थित केला तरच दिसतो.

विषयाची निवड आणि नावाची किंमत : ‘अंतःस्फोट’

‘अंतःस्फोट’मधील ज्या लेखात कुमुद पावडे यांनी आपल्या संस्कृत-शिक्षणाची कथा सांगितली आहे, तो प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. येथे विद्यार्थिनीने विषयाची निवड खरोखरच केली आहे, स्वतःच्या इच्छेने, आवडीने आणि पूर्ण जाणिवेने. दलित समाजातील मुलीने संस्कृत शिकायचे ठरविणे ही केवळ शैक्षणिक घटना राहू शकत नव्हती. या निवडीमागे एक इतिहास उभा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना शालेय वयात संस्कृत घेण्याची इच्छा असूनही ते नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली, ही घटना सर्वश्रुत आहे. एखादा विषय कोणी शिकावा आणि कोणी शिकू नये, याचे नियम अभ्यासक्रमात लिहिलेले नसतानाही पाळले जात होते.

कुमुद पावडे यांचे निवेदन कौतुकाच्या प्रसंगापासून सुरू होते. दलित असूनही ही स्त्री संस्कृत जाणते आणि शिकविते, याचे लोकांना आश्चर्य वाटते, आणि त्या आश्चर्यातच अपमान दडलेला असतो. या स्तुतीमधील बोच त्या अचूक ओळखतात. शाळेत गोखले गुरुजींनी सनातनी वृत्तीचे असूनही त्यांना मायेने संस्कृत शिकविले. पुढे पदव्युत्तर वर्गात मात्र विभागाचे प्रमुख असलेल्या विद्वान गृहस्थांना त्यांचे संस्कृत शिकणे रुचले नाही. म्हणजे जसजशी शिक्षणाची पायरी उंचावत जाते, तसतसा विरोध अधिक सुसंस्कृत आणि अधिक कडवा होत जातो. उत्तम गुणांनी पदव्युत्तर पदवी मिळविल्यानंतरही नोकरीचे दार उघडत नाही. ते उघडते ते आंतरजातीय विवाहानंतर, माहेरचे सोमकुवर हे आडनाव जाऊन पावडे हे आडनाव आल्यावर. ही नोकरी आपल्या ज्ञानाला मिळाली की सवर्ण आडनावाला, हा प्रश्न लेखिका विचारते आणि त्याचे उत्तरही परखडपणे देते.

पुढील शिक्षणाच्या चर्चेत आपण सामान्यतः आवड, क्षमता आणि रोजगाराची संधी या तीन निकषांचा उल्लेख करतो. या लेखात हे तिन्ही निकष एकामागून एक तपासले जातात. आवड आहे, क्षमता सिद्ध झालेली आहे, संधीही रिक्त पदाच्या रूपाने उपलब्ध आहे. तरीही त्यांची बेरीज होत नाही, कारण आडनाव हा चौथा निकष कोणत्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो. ‘अंतःस्फोट’ची भाषा प्रमाण, संयत आणि उपरोधाची धार असलेली आहे. जी भाषा नाकारली गेली तिच्यावर प्रभुत्व मिळवूनच लेखिका नाकारणाऱ्यांशी बोलते. विषयनिवडीचे समर्थन ती युक्तिवादाने करीत बसत नाही. तिचे वाक्यच ते समर्थन आहे.

शिक्षकाचे स्थान

या तीन कृतींची तुलना करताना एक सूत्र प्रकर्षाने जाणवते, ते म्हणजे निवडीच्या क्षणी शिक्षक कोठे आहे. ‘झोंबी’तील सौंदलगेकर मास्तर मुलाला कोणता विषय घ्यावा याचा सल्ला देत नाहीत. ते कविता शिकवितात, कवींविषयी सांगतात, मुलाच्या ओळी वाचून त्या दुरुस्त करतात. मास्तरांनी स्वतःच्या दारातील मालतीच्या वेलीवर कविता केली आहे, हे कळल्यावर कवी हाही आपल्यासारखाच हाडामांसाचा माणूस असतो, असे आनंदाला वाटू लागते. पुढील शिक्षणाचा निर्णय म्हणून पाहिले तर हा क्षण निर्णायक आहे. एखादा विषय आपल्यासाठी आहे, हे विद्यार्थ्याला माहितीपत्रकातून कळत नाही. त्या विषयात जगणारे माणूस जवळून पाहिल्यावर ते कळते.

‘अंतःस्फोट’मध्ये शिक्षकाची दोन रूपे आहेत. गोखले गुरुजी आपल्या परंपरेच्या मर्यादेत राहूनही विद्यार्थिनीला विषय देतात, तर विभागप्रमुख आधुनिक विद्यापीठाच्या खुर्चीत बसून तो नाकारू पाहतात. वैयक्तिक सनातनीपणा आणि संस्थात्मक उदारता यांविषयीच्या आपल्या ठोकळेबाज कल्पनांना येथे धक्का बसतो. ‘कोसला’त मात्र पांडुरंगाच्या शेजारी निवडीच्या क्षणी उभा राहणारा शिक्षक ठसत नाही. महाविद्यालय आहे, वर्ग आहेत, परीक्षा आहेत, परंतु ज्याच्यामुळे एखादा विषय विद्यार्थ्याचा स्वतःचा होतो असे माणूस नाही. पांडुरंगाच्या कहाणीत तात्त्विक निरर्थकतेबरोबर ही अगदी साधी, संस्थात्मक उणीवही आहे. समीक्षेने पहिल्या गोष्टीला जितके महत्त्व दिले, तितके दुसरीला दिले नाही.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. ‘आत्मवृत्त’, ‘झोंबी’, ‘अंतःस्फोट’ या शिक्षणाच्या आत्मकथा ज्यांनी शिक्षण पूर्ण केले त्यांनीच लिहिलेल्या आहेत. ज्याचे शिक्षण मध्येच सुटले, त्याच्याजवळ ते लिहिण्याचे साधनही बहुधा उरत नाही. म्हणून शिक्षण अर्धवट सोडणाऱ्या विद्यार्थ्याचा अनुभव मराठीत प्रभावीपणे आला तो आत्मकथनात नव्हे, कादंबरीत. आणि तेथेही तो सधन घरातील मुलाच्या रूपाने आला. शेतात किंवा घरकामात अडकून महाविद्यालय सुटलेल्या मुलीची कहाणी या तिन्ही कृतींच्या परिघाबाहेरच राहते. या मौनाची नोंद घेतल्याखेरीज शिक्षणविषयक साहित्याचे मूल्यमापन पूर्ण होऊ शकत नाही.

आजच्या संदर्भात

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मुळे पदवी शिक्षणाची परिभाषा बदलली आहे. मुख्य विषय, गौण विषय, कौशल्याधारित अभ्यासक्रम, श्रेयांक आणि श्रेयांक-पेढी हे शब्द महाविद्यालयांच्या नित्य व्यवहारात आले आहेत. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चार वर्षांनंतर ऑनर्स पदवी असे बाहेर पडण्याचे टप्पे निश्चित झाले आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यानुसार बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि जास्तीत जास्त सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते. २०२२ मध्ये आयोगाने दोन पदवी अभ्यासक्रम एकाच वेळी करण्यासही परवानगी दिली. या तरतुदींमागील हेतू विद्यार्थ्याला मोकळीक देण्याचा आहे आणि अडचणीतील विद्यार्थ्याला त्यांचा काही प्रमाणात लाभही होऊ शकतो, हे मान्य करावयास हवे.

परंतु या संपूर्ण रचनेचा पाया निवड करणारी व्यक्ती हा आहे. तिच्याजवळ वेळ आहे, तिला परवानगी आहे आणि तिच्या निवडीची किंमत बाजारात समान आहे, असे त्यात गृहीत धरले आहे. तात्त्विक विषयाचा एक श्रेयांक म्हणजे पंधरा तासांचे अध्यापन. या हिशेबाने वर्षाचे किमान चाळीस श्रेयांक म्हणजे सहाशे तास, आणि स्वाध्याय त्याहून वेगळा. सकाळी अकरापर्यंत शेतात असणाऱ्या आनंदाला हे सहाशे तास कोण देणार, हा प्रश्न श्रेयांकांच्या तक्त्यात कोठेच विचारलेला नाही. एका वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडलेल्या विद्यार्थिनीच्या नावापुढे ‘निर्गमन’ असा शब्द लागेल. ते तिने ठरविले की तिच्यासाठी ठरविले गेले, हे त्या शब्दातून कळणार नाही. पूर्वी तिच्या जाण्याला शिक्षण सुटणे म्हणत असत, आणि त्या शब्दात निदान हानीची जाणीव तरी होती. सक्तीला निवडीचे नाव मिळाल्यास तिची दखल घेण्याची जबाबदारीही संपुष्टात येण्याचा धोका आहे.

याच संदर्भात पंचाहत्तर टक्के उपस्थितीच्या नियमाचा विचार करता येईल. हजेरीपत्रकात पांडुरंग आणि आनंदा दोघेही अनुपस्थित दिसतील. एकाच्या अनुपस्थितीचे कारण दिशाहीन मोकळेपणा असेल, दुसऱ्याचे कारण उसाला पाणी देण्याची पाळी असेल. नियमाला हा भेद ओळखता येत नाही, शिक्षकाला तो ओळखता येऊ शकतो. कमवा व शिका योजनेतील विद्यार्थी, अर्धवेळ नोकरी करणारा विद्यार्थी, सकाळी घरचा स्वयंपाक उरकून येणारी विद्यार्थिनी यांच्याकडे पाहण्याची दृष्टी साहित्यकृती देतात ती या अर्थाने. अशा विद्यार्थ्याने पुढे काय शिकावे, या प्रश्नाआधी त्याचा दिवस कसा जातो, हा प्रश्न विचारला जाणे गरजेचे आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष हाती येतात. ‘कोसला’, ‘झोंबी’ आणि ‘अंतःस्फोट’ या तीन भिन्न प्रवाहांतील कृतींना विद्यार्थ्याचा वेळ आणि त्याची निवड हे समान सूत्र जोडते. ‘कोसला’त वेळ आहे परंतु निवड नाही. ‘झोंबी’त वेळ नाही, तो तासातासाने मिळवावा लागतो, आणि त्या मिळविण्यातूनच निवड आकाराला येते. ‘अंतःस्फोट’मध्ये निवड स्पष्ट आणि सार्थ आहे, परंतु समाज ती मान्य करीत नाही. तिन्हींची भाषाशैली या स्थितीतूनच घडलेली आहे. ‘वगैरे’चा ढीग, तासांची काटेकोर नोंद आणि उपरोधाची संयत धार हे केवळ शैलीविशेष नसून वेळेशी असलेले तीन प्रकारचे संबंध आहेत.

पुढील शिक्षणाची निवड ही वैयक्तिक घटना आहे, हा समज या कृती खोटा ठरवितात. त्या निवडीत वडिलांचा धाक असतो, आईचे चातुर्य असते, गावातील वजनदार माणसाचा शब्द असतो, विभागप्रमुखाची नाराजी असते आणि एखाद्या मास्तरांच्या दारातील मालतीचा वेलही असतो. यांपैकी बऱ्याच गोष्टी महाविद्यालयाच्या हातात नाहीत. शेवटची मात्र निश्चितपणे आहे. पांडुरंगाची कादंबरी पुन्हा वाचताना अध्यापकवर्गाने ज्या गोष्टीची खंत बाळगावी, ती हीच की त्या मुलाच्या वाटेवर असे एकही दार लागले नाही.